मालिकेच्या मागच्या रांगेत: वाईच्या शूटिंगचा अनुभव

साताऱ्यात आणि वाईकडे ‘मी मालिकेच्या शूटिंगला जाऊन आले’ असं सांगणाऱ्या बायका आता सहज भेटतात. पण नाव कुठं द्यायचं, कागद काय लागतात, दिवसभर तिथं करायचं काय आणि पैसे कधी येतात, हे विचारलं की उत्तरं अर्धवट मिळतात. मला जायचं होतं तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. जानेवारीत काम केलं, एप्रिलमध्ये पैसे खात्यात जमा झाले. आता सगळं पार पडलंय, तर घडलं तसं क्रमानं लिहिते.

मी शाहूपुरीत राहते. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. डिसेंबरच्या शेवटी माझ्या एका गिऱ्हाईक ताईंनी व्हॉट्सॲपवर मेसेज पुढं पाठवला. वाईजवळ मालिकेचं शूटिंग आहे, हळदीकुंकवाचा सीन आहे, तीस ते पंचावन्न वयाच्या महिला ज्युनिअर आर्टिस्ट, म्हणजे मागच्या गर्दीत दिसणाऱ्या बायका, हव्यात, काठपदराच्या साड्या स्वतःच्या. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे मशीनवर काम कमी असतं. घरी विचारलं. आमचे हे म्हणाले, “जायचं तर जा, पण परत कशी येणार ते आधी विचार.” तो प्रश्न फार कामाचा ठरला, पुढं सांगते.

मेसेजमधल्या नंबरवर ‘इच्छुक आहे’ असं लिहिल्यावर कोऑर्डिनेटर दादांनी माहिती मागितली. नाव, वय, उंची, गाव, नऊवारी नेसता येते का, आणि फोटो: एक समोरून पूर्ण उभा, एक बाजूनं, एक नुसता चेहऱ्याचा. फिल्टर नको, मेकअप नको, मागं मोकळी भिंत. स्टुडिओत जाऊन पैसे घालवू नका. मुलीनं गॅलरीतल्या उजेडात मोबाइलवर काढलेले फोटो मी पाठवले आणि तेच चालले. गर्दीच्या कामाला सुंदर दिसण्यापेक्षा गावातली बाई वाटणं महत्त्वाचं असतं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवरून फोन आला. आधी पंधराशे रुपये भरा, आर्टिस्ट कार्ड मिळेल, मग सतत काम. मी नको म्हटलं. मुंबईत ज्युनिअर आर्टिस्टांच्या संघटना आहेत, त्या फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉईज या महासंघात येतात. आपल्याकडे कोल्हापूरला अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. ज्यांना हाच व्यवसाय करायचा आहे त्यांनी थेट तिथं जाऊन सभासदत्वाची चौकशी करावी. पण गावातल्या सीनसाठी गोळा केलेल्या आम्हा बायकांपैकी कुणाकडेही कार्ड मागितलं गेलं नाही. काम देण्याआधी जो पैसे मागतो त्याच्याकडे जाऊ नये, हे मी इथं अगदी कळकळीनं सांगते. त्या फोनला भुलून पैसे भरलेल्या बायका मला नंतर सेटवरच भेटल्या.

संक्रांत झाल्यावर दोन-तीन दिवसांत ‘कन्फर्म’चा निरोप आला. त्यात जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं उपयोगी आहे. कॉल टाइम सकाळी साडेसहा, वाई एसटी स्टँड. शिफ्ट सात ते सात. साड्या तीन आणा. पांढरी नको, काळी नको, बारीक रेघांची नको, चमकणारी टिकली-जर नको. लाल नको, कारण नायिका लाल साडीत आहे. रेघांच्या कापडाचं कारण मला तिथल्या कॅमेरावाल्यांनी सांगितलं. अगदी बारीक रेघा किंवा चौकडी असली की पडद्यावर त्या थरथरल्यासारख्या दिसतात. रोज कापड हाताळणाऱ्या माणसाला हे ऐकून नवल वाटलं. दुकानातल्या उजेडात छान दिसणारं कापड कॅमेऱ्यापुढं वेगळंच वागतं.

पैशांचं मी फोनवरच विचारून घेतलं. बारा तासांच्या शिफ्टचे सहाशे रुपये, चहा-नाष्टा-जेवण त्यांचं, वाई स्टँडपासून नेणं-आणणं त्यांचं, बाराच्या वर गेलं तर जादा. रक्कम रोख नाही, खात्यावर, नव्वद दिवसांनी. टीव्हीच्या कामात ही नव्वद दिवसांची पद्धत जुनी आहे, मोठ्या कलाकारांनाही ती लागू असते असं सगळेच सांगतात. आजच्या हातखर्चासाठी हे काम उपयोगाचं नाही. महिन्याचं गणित या पैशांवर बसवू नये.

पहाटे सव्वापाचला साताऱ्याच्या स्टँडवरून एसटी धरली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वाईपर्यंत तीस-पस्तीस रुपयांत भागलं. पाचवड फाट्याला गाडी वळली तेव्हा अंधारच होता. वाईत उतरलो तर कृष्णेवर धुकं आणि दात वाजतील अशी थंडी. शाल, पायमोजे आणि साधी चप्पल बरोबर असावीच. सीनमध्ये अनवाणी किंवा पातळ चपलेत उभं राहावं लागतं, आणि वाड्याची फरशी सकाळी दहापर्यंत बर्फ असते.

हिंदी-मराठी चित्रपटवाले मेणवलीच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्याकडे कित्येक वर्षं येतात, त्यामुळे या भागातल्या लोकांना शूटिंग नवं नाही. आमचा सीन मात्र जवळच्या एका खासगी वाड्यात होता. बाहेर जनरेटरची गाडी, व्हॅनिटी, मंडप. मंडपात आमची सोय: प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचे जार, साड्या बदलायला पडद्याचा आडोसा. पोचल्याबरोबर बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारून घ्या आणि एकदा जाऊन या. एकदा सीन लागला की मध्येच उठता येत नाही.

नाष्ट्याच्या आधी कागदपत्रं झाली. आधार, पॅन, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स किंवा कॅन्सल चेक. आधारची मी ‘मास्क्ड’ प्रत नेली होती, तिच्यावर फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या सरकारी वेबसाइटवरून ती डाउनलोड होते. चालली, कुणी काही म्हटलं नाही. मग एक व्हाउचर आणि एक संमतीपत्र सह्यांसाठी पुढं आलं. संमतीपत्रात आपलं चित्रीकरण मालिकेत, जाहिरातीत, इंटरनेटवर वापरायला आपली हरकत नाही असं लिहिलेलं असतं. बऱ्याच जणी न वाचताच सह्या करत होत्या. मी वाचलं, रक्कम लिहायची जागा कोरी होती ती भरून मागितली, आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवले. कुणी रागावलं नाही. विचारायला लाजू नये. फोन मात्र त्यानंतर पिशवीत गेले. टेलिकास्ट होण्याआधी सेटवरचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून तिथं कडक मनाई असते.

एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या, सात-आठ वर्षांची पोर, परकर-पोलक्यात. “हिला बी घ्या की, बसंल कोपऱ्यात,” असं त्यांचं चाललं होतं. सेकंड एडी म्हणजे दिग्दर्शकाची सहायक, विशी-पंचविशीची मुलगी. तिनं नम्रपणे नाही म्हटलं. लहान मुलाला कॅमेऱ्यापुढं आणायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मुलाच्या कमाईतला निदान वीस टक्के भाग त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. बालकामगार कायद्याखालचे हे नियम आहेत. मुलाला ‘सहज’ बरोबर नेऊ नका. त्या नातीला दिवसभर मंडपात बसून राहावं लागलं आणि आजीचा जीव तिच्यात अडकला.

मग वाट पाहणं. साडेसातला तयार होऊन बसलो, पहिला शॉट साडेअकराच्या पुढं. लाइट लागतात, पडदे बांधतात, मुख्य कलाकारांचे संवाद पाठ होतात, कुणाची तरी साडी बदलते. या वेळेत थकून जाणाऱ्या बायका पुढं खऱ्या कामाच्या वेळी गळाल्या. मी सुईदोरा नेला होता, दोघी-तिघींचे ब्लाउज आवळून दिले, हूक लावले. काहीतरी हाताला काम ठेवा, आणि बसल्या बसल्या नाष्ट्याच्या पोह्यांवर पोहे खाऊ नका.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. गर्दीत उभं राहणं म्हणजे नुसतं उभं राहणं, असा माझाही समज होता. तसं अजिबात नाही. एक सीन आधी पूर्ण घेतात, त्याला मास्टर म्हणतात. मग तोच सीन नायिकेच्या चेहऱ्यावर, मग सासूच्या चेहऱ्यावर, मग एकीच्या खांद्यावरून दुसरीवर असा पुन्हा पुन्हा. दरवेळी मागच्या बायकांनी मास्टरमध्ये जे केलं तेच, त्याच शब्दाला, त्याच हातानं करायचं. मला दिलेलं काम असं होतं: सासूबाई “बसा ना” म्हणाल्या की डाव्या हातात तबक घेऊन खांबामागून निघायचं, तिसऱ्या बाईला हळदीकुंकू लावायचं, वाण द्यायचं आणि चौकटीबाहेर जायचं. याला पासिंग म्हणतात. तबक एकदा उजव्या हातात गेलं तर जोडलेल्या सीनमध्ये ते हवेत उडी मारल्यासारखं दिसेल. मी मनात पावलं मोजून ठेवली. खांबापासून फरशीच्या तुटक्या कोपऱ्यापर्यंत इतकी, तिथून वळण. पुढच्या प्रत्येक टेकला तीच पावलं. ‘रोल साउंड’, ‘रोलिंग’, ‘ॲक्शन’ झालं की सासूबाईंच्या त्या दोन शब्दांकडे कान. लेन्सकडे बघायचं नाही, कलाकारांच्या तोंडाकडेही टक लावायची नाही.

आणि बोलायचं, पण आवाज न काढता. शेजारणीशी ओठ हलवत, मान डोलावत, हसत गप्पा मारायच्या आणि घशातून काही निघू द्यायचं नाही. सुरुवातीला बायकांना हे फार जड गेलं, हसू फुटायचं. एडीनं सांगितलं, “काकू, खरंच काहीतरी सांगा त्यांना, फक्त आवाज बंद.” मग मी शेजारच्या बाईंना बिनआवाजात कटोरी ब्लाउजचं माप समजावत राहिले आणि ते जमलं. गर्दीचा खरा गलबला शेवटी वेगळा रेकॉर्ड केला. सगळ्यांनी मिनिटभर एकदम बोला म्हणाले, तेव्हा वाडा दणाणला.

आवाजाच्या माणसाचं काम मला सगळ्यांत अवघड वाटलं. आमच्या काचेच्या बांगड्या त्याला नडत होत्या, प्रत्येक हालचालीला किणकिण. काढायच्या तर हळदीकुंकवाला रिकामे हात कसे दिसणार? मी माझ्या बांगड्या आतल्या बाजूनं दोऱ्यानं एकमेकींना बांधल्या, वाजायच्या थांबल्या. मग सगळ्यांच्याच बांधून दिल्या. पण रस्त्याचं काय करणार! जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा मोसम, भुईंजच्या कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायचे. मध्येच “होल्ड” असा आवाज यायचा आणि ट्रॉल्या लांब जाईपर्यंत नायिका डोळ्यांत आणलेलं पाणी तसंच धरून उभी राहायची. तिच्याबद्दल मला त्या दिवशी मनापासून आदर वाटला. मालिकेतल्या रडण्याला घरी बसून नावं ठेवणं सोपं आहे.

सीन असा होता की घरातली विधवा जाऊ हळदीकुंकवाला पुढं येते, सासू तिला अडवते आणि नायिका तिला हाताला धरून पाटावर बसवते. कॉस्च्युमच्या दादांनी आम्हा सगळ्यांना खोटी मंगळसूत्रं वाटली. ज्यांची स्वतःची होती त्यांचीही काढायला सांगितली, सगळ्यांची सारखी नकोत पण चमकणारीही नकोत म्हणून. रांगेत भुईंजकडच्या एक मावशी होत्या. त्यांनी ते हातात घेतलं आणि तशाच थांबल्या. त्यांचे मालक जाऊन काही वर्षं झाली होती. “मला चालंल का?” असं त्यांनी कॉस्च्युमवाल्यांना नाही, आम्हा बायकांना विचारलं.

कुणीच पटकन बोललं नाही. मग एक जण म्हणाली, “मावशी, हे काम आहे.” दुसरी म्हणाली, “आणि काम नसतं तरी चाललं असतं.” मला दुसरीचं पटलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पाठोपाठ राज्य शासनानंही तो कित्ता गिरवायला परिपत्रक काढलं. आपल्यापासून ते गाव काही लांब नाही. तरी आमच्याच आळीत आजही हळदीकुंकवाचं बोलावणं कुणाला जातं आणि कुणाला जात नाही, हे मला माहीत आहे. जे बाहेर बदलायला आपण कचरतो ते इथं कॅमेऱ्यापुढं बसून खोटं खोटं करत होतो आणि त्यातल्याच एका बाईला ते खरोखर सोसावं लागत होतं. मला ते फार लागलं.

मावशींनी शेवटी घातलं. म्हणाल्या, “काम हाय तवर घालीन. पर पुढं बसवू नका, पावणं बघतील.” मी एडीला बाजूला घेऊन सांगितलं. त्या मुलीनं एक प्रश्न न विचारता मावशींना खांबापलीकडं, पाठमोरं बसवलं. आपल्याला कुठं बसायचं नाही, चेहरा नको, पाय दुखतो, उपवास आहे, जे काही असेल ते मास्टरच्या आधी सांगावं. ऐकून घेतात. मास्टर झाल्यावर जागा बदलता येत नाही, मग त्यांचाही नाइलाज असतो.

जेवण तीनला मिळालं. पोळ्या, बटाट्याची भाजी, आमटी-भात, गरम होतं. युनिटची रांग आधी, आमची नंतर. ते मला आवडलं नाही. आम्हीही पहाटेपासून तिथंच होतो. मधुमेह असेल तर पिशवीत बिस्किटं, शेंगदाण्याचा लाडू असं काहीतरी ठेवाच.

जेवणानंतर माझं काम थोडं बदललं. सीन पुढं चालू ठेवायचा तर प्रत्येकीचा पदर, कुंकू, गजरा सकाळसारखाच हवा. एडीकडे मोबाइलवर सगळ्यांचे फोटो होते, पण जेवताना अर्ध्या जणींनी पदर खोचले होते, दोघींनी निऱ्या पुन्हा घातल्या होत्या. ती फोटो दाखवत होती आणि मी पिन लावत होते. कुणाचा पदर चार बोटं खाली, कुणाचं कुंकू जाड झालेलं. माझ्या डोळ्याला हे पटापट दिसत होतं, कारण रोजचं काम तेच. संध्याकाळपर्यंत मी निम्मा वेळ कॅमेऱ्यापुढं आणि निम्मा वेळ पिना तोंडात धरून मागं होते, आणि तो वेळ कसा गेला कळलं नाही. एक छोटी गोष्ट: कपाळाला दिवसभर हळदीकुंकू लागतं, पुसतात, पुन्हा लावतात. मला खाज सुटली. दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाचं बोट आधी लावलं, मग त्रास झाला नाही.

पॅकअप सातला व्हायचं ते साडेआठ वाजले. वाईहून साताऱ्याची गाडी मिळेल का याची धाकधूक होती. पण आमच्या ह्यांचा तो प्रश्न मी आधीच कोऑर्डिनेटर दादांना विचारून व्हॉट्सॲपवर लिहून घेतला होता: उशीर झाल्यास साताऱ्यापर्यंत सोडणार. तो मेसेज दाखवल्यावर ट्रॅव्हलर पोवई नाक्यापर्यंत आली. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही त्याच गाडीत घेतलं. निघायच्या आधी व्हाउचरवर सुटल्याची खरी वेळ लिहून घेतली, जादा पैसे त्यावरच ठरतात. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग झाला, पंगतीचा. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही, फक्त तोच लाडू तितकाच खाल्लेला दिसावा म्हणून ताटं पुन्हा पुन्हा बदलत होते.

एपिसोड फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लागला. माझं तबक आणि डावा हात नीट दिसला, चेहरा क्षणभर. मावशी दिसल्या नाहीत. त्यांनी फोन करून तेवढीच खात्री करून घेतली.

पैशांसाठी मी एका वहीत तारीख, सीन नंबर, आल्याची आणि सुटल्याची वेळ, कोऑर्डिनेटरचा नंबर लिहून ठेवलं होतं. मार्चअखेर एक आठवणीचा मेसेज टाकला, व्हाउचरच्या फोटोसह. उत्तर आलं, ‘प्रोसेसमध्ये आहे’. एप्रिलमध्ये नव्वद दिवसांवर आठवडा उलटल्यावर रक्कम जमा झाली, जादा वेळेसकट, पण बोललो होतो त्यापेक्षा थोडी कमी. विचारल्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, सांगितला. तो खरोखर आपल्या पॅनवर भरला गेला की नाही हे आयकराच्या वेबसाइटवर २६एएस या विवरणात दिसतं. माझा दिसला. रिटर्न भरून तो परत मागता येतो. आमच्यातल्या ज्या बायकांनी व्हाउचरचा फोटो काढला नव्हता त्यांच्यातल्या काहींचे जादा वेळेचे पैसे अजून आलेले नाहीत. मी माझ्या व्हाउचरवरची सुटल्याची वेळ त्यांना दिली आहे, कारण आम्ही सगळ्या एकाच गाडीनं निघालो होतो.

आता त्याच कोऑर्डिनेटर दादांचा पुन्हा निरोप आहे. लग्नाचा सीन, रात्रीची शिफ्ट, आणि या वेळी कॉस्च्युमच्या मदतीला येता का असं विचारलंय. दर वेगळा काय देणार आणि पहाटे घरापर्यंत कोण सोडणार, हे दोन्ही लिहून मागितलं आहे. मावशीही येणार आहेत. त्यांना नऊवारी छान नेसवता येते, हे मी दादांना कळवलं आहे.